वाद्यद्रव्य व नादगुण

वाद्यद्रव्य व नादगुण : वाद्य ज्या पदार्थांपासून घडविलेले असते, त्या पदार्थांचा त्याच्या आवाजाच्या जातीवर होणारा परिणाम. दोन ध्वनींची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) आणि तीव्रता सारखी असूनही ज्या गुणामुळे ते कानाला निरनिराळे भासतात, त्यास नादगुण म्हणतात. षड्ज तोच असला, तरी सतारीचा षड्ज व सनईचा षड्ज लहान मूलही वेगळा ओळखते, तो या गुणामुळे. मूळ स्वराबरोबर कोणते वरचे स्वर (संनादी) उठतात, त्यांचे परस्परांशी बळाचे प्रमाण काय, ते किती वेळ टिकतात आणि ध्वनीचा आरंभ कसा होतो, यांवर नादगुण अवलंबून असतो. वाद्याचे लाकूड, भोपळा, हाड, धातू वा प्लॅस्टिक यांचा या गोष्टींशी संबंध कितपत आहे, हा प्रश्न वाद्यकार, वादक व भौतिकीविज्ञ या तिघांनाही जिव्हाळ्याचा वाटत आला आहे.

अलीकडे या प्रश्नावर सर्वांत अधिक वाद विद्युत् गिटारीच्या संदर्भात झाला आहे. या वाद्याच्या दर्शनी भागावर तारांखाली एक पातळ पट्ट बसविलेला असतो. नखीच्या ओरखड्यांपासून रोगणाचे रक्षण करणे एवढेच त्याचे मूळ काम. म्हणून त्याला पिकगार्ड किंवा रक्षकपट्ट म्हणतात. हा पट्ट सेल्युलॉइडचा असला तर आवाज गोड, ॲल्युमिनियमचा असला तर तीक्ष्ण, असे अनेक वादक ठामपणे सांगतात. इतर अनेकजण ते हसण्यावारी नेतात. महाराष्ट्रात हाच प्रश्न वेगळ्या वाद्यांबाबत विचारला जातो. मिरजेच्या तंबोऱ्याची घोडी हस्तिदंताची असावी की हाडाची, भोपळ्याऐवजी दुसरे काही चालेल का, नंदुरबार जिल्ह्यातील पावरीचा भोपळा बदलला तर तिचा आवाज तोच राहील का, हे त्याचेच प्रकार होत. या सर्वांना मिळून एक उत्तर नाही. एखाद्या भागाचे द्रव्य महत्त्वाचे आहे की नाही, हे तो भाग कंपनांच्या वाटेवर आहे की वाटेच्या कडेला, यावरून ठरते.

नंदुरबार जिल्ह्यातील वाद्ये : सातपुडा व सह्याद्री यांच्या उत्तरेकडील रांगांच्या सान्निध्यात वसलेला हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. भिल्ल, पावरा, मावची, गावित, कोकणा इ. आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. त्यांच्या वाद्यांत भोपळा, बांबू, कातडे व मेण ही द्रव्ये प्रामुख्याने आढळतात. द्रव्य आणि नाद यांचा विचार करण्यास भोपळ्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तोच पदार्थ तीन ठिकाणी तीन निरनिराळी कामे करतो.

सातपुड्यातील होळीच्या उत्सवात, विशेषतः काठी (ता. अक्कलकुवा) येथील प्रसिद्ध होळीत, मोरपिसांचे टोप घातलेले नर्तक कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधून नाचतात. तेथे भोपळा हा मुख्यतः वेशाचा भाग होय. ताल धरतात ते ढोल व घुंगरू. नवापूरकडील आणि लगतच्या डांग व साक्री भागांतील कोकणा लोकांच्या पावरीत मात्र भोपळा वाद्याचाच अवयव आहे. पावरी हे फुंकून वाजविण्याचे वाद्य. भोपळ्याच्या एका टोकातून हवा फुंकली जाते, दुसऱ्या बाजूस बांबूच्या नळ्या मेणाने घट्ट बसविलेल्या असतात, नळ्यांच्या मुळाशी कंप पावणाऱ्या जिभल्या असतात आणि शेवटी कर्ण्यासारखा पसरट भाग जोडलेला असतो. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीला मानाचे स्थान आहे. वारली लोकांचा तारपा हे तिच्याच कुळातील वाद्य. तिसरे ठिकाण तंबोऱ्याचे. त्याचा विचार पुढे केला आहे.

पावरीत स्वर उत्पन्न होतो तो जिभलीच्या कंपनामुळे आणि नळीतील हवेच्या स्तंभामुळे. भोपळा हे हवेचे कोठार आहे. वादक नाकाने श्वास घेत असतानाही गालांतील व भोपळ्यातील हवेवर नाद अखंड चालू राहतो, हे त्याचे खरे कार्य. त्यास तडा गेला, तर हवा निसटते आणि दाब पडतो. म्हणून तडे मेणाने बुजवितात. भोपळ्याच्या सालीचा रंग, तिच्यावरील नक्षी वा वाद्यास बांधलेली मोरपिसे यांचा स्वरावर परिणाम होण्याचे कारण दिसत नाही. उलट जिभली केसभर जाड वा पातळ झाली, तरी आवाज तात्काळ बदलतो. पावरी तयार करणारा कारागीर जिभली तासण्यात जो वेळ घालवितो, त्यामागे हेच कारण आहे.

ढोलाची गोष्ट उलट आहे. तेथे कातडे हाच कंप पावणारा भाग. दमट हवेत ते सैलावते व आवाज बसतो, म्हणून ढोल विस्तवाजवळ शेकतात. येथे द्रव्याचा प्रभाव कोणासही प्रयोगाविना कळतो.

वायुवाद्यांवरील प्रयोग : वायुवाद्याच्या नळीचे द्रव्य नादगुण ठरविते का, यावर अमेरिकन भौतिकीविज्ञ डेटन मिलर यांनी १९०९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. ऑर्गनची जस्ताची दुहेरी भिंतीची नळी घेऊन भिंतींमधील पोकळीत पाणी भरत गेले असता स्वर व नादगुण दोन्ही बदलत असल्याचे त्यांना आढळले. तथापि त्या नळीच्या भिंती पातळ व सपाट होत्या. अशा भिंती हवेच्या दाबाने सहज फुगतात व आक्रसतात. गोल नळीची भिंत या दृष्टीने फार ताठ असते. जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये रुपे, तांबे व लाकूड यांच्या सारख्या मापाच्या बासऱ्या वाजवून पाहिल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत. कोणती बासरी हाती आहे हे कळू दिले नाही, तेव्हा खुद्द वादकांनाही नाही. बासरीत कंप पावते ती हवा. नळी तिला आकार देते. म्हणून नळीचा व्यास, छिद्रांच्या कडा, आतील पृष्ठाचा गुळगुळीतपणा व सच्छिद्रता यांना महत्त्व आहे, आणि बांबूची जात महत्त्वाची ठरते ती या गोष्टींच्या द्वारे. बांबू चांगला नसेल तर बासरी वाईट होते हे वादकाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याने सांगितलेले कारण मात्र बहुधा तपासून घ्यावे लागते.

मिरजेचा तंबोरा : मिरज (जि. सांगली) हे तंतुवाद्यनिर्मितीचे केंद्र म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्धीस आले. शस्त्रे घडविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी शस्त्रांची मागणी ओसरल्यावर हा व्यवसाय पतकरला. फरीदसाहेब व मोहिनुद्दीन यांची नावे या परंपरेच्या आरंभी घेतली जातात. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (मृ. १९३७) यांचे मिरजेत दीर्घकाळ वास्तव्य होते. येथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढे परिसरातून येतो. पावरीचा दुधी व हा भोपळा एकाच वनस्पतीची (लॅजेनेरिया सायसेरेरिया) निरनिराळ्या आकाराची फळे होत. भोपळ्याच्या कापलेल्या तोंडावर पातळ लाकडी तबली बसवितात. तिच्यासाठी व दांडीसाठी तुणीचे लाकूड वापरण्याची रूढी आहे. तार स्वतः फारच थोडी हवा हलविते. तिचे कंपन घोडीतून तबलीला मिळते आणि तबलीच्या मोठ्या पृष्ठामुळे ते ऐकू येण्याजोगे होते. तेव्हा तार, घोडी, तबली ही कंपनाची मुख्य वाट. भोपळा व त्यातील हवा तिला साहाय्य करतात. तबलीचे लाकूड हलके पण ताठ असावे लागते. जड लाकडाला तार हलवू शकत नाही आणि मऊ लाकूड कंपने गिळून टाकते. म्हणजे तबलीच्या द्रव्याबाबत कारागिरांचा आग्रह पूर्णपणे समर्थनीय आहे. भोपळ्याबाबत आकार, पोकळी व सालीची जाडी यांना प्राधान्य द्यावे लागते.

घोडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून पसरट व किंचित उताराची असते. तार कंप पावताना या उतारावर क्षणाक्षणाला कमीअधिक टेकते, आणि घोडी व तार यांमध्ये सरकविलेल्या दोऱ्याने हा स्पर्श नेमका साधला की तंबोरा बोलू लागतो. यासच जवारी म्हणतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील टिपणात दाखवून दिले की, या घोडीमुळे तंबोरा यंग व हेल्महोल्ट्स यांच्या नियमाला जुमानत नाही. त्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या संनादींचे निस्पंद येतात ते ऐकू येता कामा नयेत. तंबोऱ्यात ते स्पष्टपणे ऐकू येतात. हा चमत्कार घडतो तो घोडीच्या वक्रतेमुळे, तिच्या द्रव्यामुळे नव्हे. परंतु वक्रता टिकविणे द्रव्यावर अवलंबून असते. मऊ पृष्ठावर पोलादी वा पितळी तार थोड्याच दिवसांत चरा पाडते, उतार बिघडतो आणि जवारी पुन्हा काढावी लागते. हस्तिदंत कठीण, एकजिनसी व तंतुरहित असल्याने त्यावर बारीक वक्रता कोरता येते व ती दीर्घकाळ टिकते. त्याची थोरवी यातच आहे.

हा भेद केवळ पंडिती नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये झाला. १९८६ च्या दुरुस्तीने हस्तिदंतासारख्या वस्तूंच्या देशांतर्गत व्यापारावर बंदी आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंतालाही ती लागू झाली. आवाजाचे रहस्य हस्तिदंतातच असते, तर जुन्या घोड्यांबरोबर तंबोऱ्याचा नादही संपला असता. प्रत्यक्षात उंटाचे हाड, कठीण लाकूड आणि कृत्रिम प्लॅस्टिके यांवर जवारी काढली जाते, आणि चांगल्या हाताने काढलेली जवारी बैठकीत आपले काम चोख बजावते. कारागिराच्या दृष्टीने फरक पडतो तो कानसीखाली द्रव्य कसे वागते व दुरुस्तीला वाद्य किती लवकर परत येते यात. जुनी हस्तिदंती घोडी हीच खरी, असा समज मात्र ग्राहकांत अजून आढळतो आणि त्याची किंमत हत्तीला व प्रामाणिक कारागिराला मोजावी लागते.

तंबोऱ्याच्या तबलीची कड, दांडी व भोपळा यांवर वेलबुट्टीची पांढरी नक्षी असते. ही नक्षी पूर्वी श्रीमंती वाद्यांत हस्तिदंताची असे. पुढे ती सेल्युलॉइडच्या पट्ट्या कापून करू लागले. येथे विद्युत् गिटारीशी एक अनपेक्षित नाते जुळते. नायट्रोसेल्युलोज व कापूर यांपासून बनणारे सेल्युलॉइड अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी सु. १८७० मध्ये तयार केले, ते बिल्यर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना. मिरजेची नक्षी व गिटारीचा रक्षकपट्ट या दोहोंत ते शिरले. दांडीवरील व कडेवरील नक्षीमुळे नाद बदलत नाही. पण तीच नक्षी तबलीच्या मध्यभागी घोडीभोवती दाट केली, तर तबलीचे वजन वाढते व तिची हालचाल मंदावते. अनुभवी कारागीर तबलीचा मध्य मोकळा ठेवतो.

गिटारीचा रक्षकपट्ट : साध्या (विजेविना वाजणाऱ्या) गिटारीत रक्षकपट्ट हा तबलीवरच चिकटविलेला असतो. तिची तबली सु. २·५ ते ३ मिमी. जाड असते, त्यामुळे तिच्यावर डकविलेला कोणताही पट्ट वजन व संदमन (कंपन मंदावण्याची क्रिया) वाढवितो. पट्ट जितका जाड व मऊ, तितका हा परिणाम अधिक. म्हणून काही वाद्यकार तो कंसावर अधांतरी बसवितात किंवा अगदी पातळ पारदर्शक पटल वापरतात. येथे द्रव्याचा परिणाम लहान असला तरी खरा आहे.

भरीव देहाच्या विद्युत् गिटारीत परिस्थिती बदलते. तिच्यात तबली नाही, सु. २ किग्रॅ. वजनाचा लाकडी ठोकळा आहे. ध्वनिक्षेपकापर्यंत जाते ते लाकडाचे कंपन नव्हे, तर पिकअपमधील विद्युत् संदेश. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले वेटोळे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. तारेला ज्या दोन ठिकाणी आधार असतो त्या आधारांचा ताठपणा महत्त्वाचा. पट्ट त्या वाटेवर नसतो. तेव्हा पट्टाच्या लवचिकपणामुळे किंवा वजनामुळे नादगुण लक्षणीय बदलतो, हे म्हणणे भौतिकीला धरून नाही.

तथापि पट्ट पूर्णपणे निरुपद्रवी आहे असेही नाही. फेंडर कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारीत तिन्ही पिकअप थेट पट्टावर टांगलेले असतात. पट्ट फार लवचिक असेल, तर मोठ्या आवाजात ध्वनिक्षेपकाच्या लहरींनी तो व त्याबरोबर पिकअप थरथरतात, वेटोळ्याचे वेढे सैल असल्यास कर्कश शीळ उठते. हा दोष आहे, नादगुण नव्हे. दुसरी बाब विद्युतीय आहे. पट्ट ॲल्युमिनियमचा असेल किंवा प्लॅस्टिकखाली ॲल्युमिनियमचा पत्रा असेल, तर पिकअपभोवतीच्या धातूच्या अखंड कड्यात आवर्त प्रवाह निर्माण होतात. ते वेटोळ्यातील बदलत्या क्षेत्राला विरोध करतात आणि उच्च कंप्रतांवरील अनुस्पंदनाचे शिखर थोडे बोथट करतात. मोजमापाच्या उपकरणावर हा फरक दिसू शकतो. कानाला तो जाणवतोच असे नाही. गंमत अशी की, ज्या धातूच्या पट्टाला वादक तीक्ष्ण म्हणतात, त्याचा खरा परिणाम असलाच तर तीक्ष्णता कमी करण्याकडे आहे. पत्र्याचा खरा लाभ वेगळाच आहे. भूयोजित धातू बाहेरचा विद्युत् गोंगाट अडवितो, आणि कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर हात घासून साचणाऱ्या स्थिर विद्युतेमुळे होणारा चटचट आवाजही त्यामुळे थांबतो. महाराष्ट्रातील वाद्यवृंदांत बेंजो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पिकअप बसविलेल्या बुलबुलतरंगालाही हेच तत्त्व लागू पडते.

पट्टाच्या द्रव्यातील बदल नादासाठी झाले नव्हते. फेंडरच्या १९५० च्या गिटारीवरील काळा पट्ट फायबरचा होता. त्यास बेकेलाइट म्हणण्याचा चुकीचा प्रघात पडला आहे. स्ट्रॅटोकास्टरवर आरंभी पांढऱ्या प्लॅस्टिकचा एकपदरी पट्ट होता. १९५९ पासून तीनपदरी सेल्युलॉइडचा पट्ट व त्याखाली ॲल्युमिनियमचा पत्रा आला. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास सेल्युलॉइडची जागा दुसऱ्या प्लॅस्टिकने घेतली. पट्ट वाकू नये, फिका पडू नये, पेटू नये व स्वस्त पडावा, ही त्यामागची कारणे. सेल्युलॉइडचे पट्ट कालांतराने हिरवट झाले व आक्रसले. हा हिरवटपणाच आज जुन्या वाद्याची खूण म्हणून महाग विकला जातो.

ऐकणाऱ्याची साक्ष : द्रव्याबाबतच्या मतांची परीक्षा डोळे बांधून घ्यावी लागते. क्लॉडिया फ्रिट्झ व सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २१ व्हायोलिनवादकांना काळे चष्मे घालून जुनी इटालियन व नवी वाद्ये दिली. लाकडाच्या व रोगणाच्या वासाने ओळख पटू नये म्हणून हनुवटीच्या टेकणावर अत्तरही लावले होते. नव्या वाद्यांना पसंती अधिक मिळाली. इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या २०१८ मधील प्रयोगात केवळ पाठ व बाजूंचे लाकूड भिन्न असलेल्या सहा साध्या गिटारी ५२ वादकांनी वाजविल्या. महाग व स्वस्त लाकूड यांत त्यांना विशेष भेद करता आला नाही. याचा अर्थ वादक खोटे बोलतात असा नव्हे. वाद्य हातात घेतल्यावर त्याचे वजन, स्पर्श, रंग व किंमत ही सर्व मिळून वादकाचा हात घडवितात, आणि ज्या वाद्यावर विश्वास बसतो त्यावर तो अधिक मोकळेपणाने वाजवितो. ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचणारा फरक पुष्कळदा त्या हाताचा असतो.

जतन : सेल्युलॉइडच्या बाबतीत नादापेक्षा मोठी काळजी त्याच्या विघटनाची आहे. जुने सेल्युलॉइड उष्ण व दमट हवेत हळूहळू विघटित होऊन आम्लधर्मी वायू सोडते. त्यामुळे जवळच्या तारा, खिळे व पिकअपचे धातूचे भाग गंजतात, पट्ट्या तडकतात व सुटतात. ते अत्यंत ज्वालाग्राहीही आहे. म्हणून अशी नक्षी वा पट्ट असलेले वाद्य बंद पेटीत वर्षानुवर्षे ठेवू नये. थंड, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे, दिवा व उदबत्ती यांपासून दूर ठेवावे, आणि पट्टी चिकट होऊन तीव्र वास येऊ लागल्यास ती कारागिराकडून काढून घ्यावी. मूळ पट्टी जपून ठेवावयाची असल्यास ती वाद्यापासून वेगळी ठेवतात.